नऊ दिवस मागे

कॉम्प्युटर सुरू केला की मी आधी उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातली तारीख बघते. मग भिंतीवरचं कॅलेंडर बघते. दोन्ही जुळली तरच खुर्ची पुढे ओढते. ऑफिसातल्या नव्या पोरी माझ्या पाठीमागे हसतात. हसू देत. त्यांना वाटतं बाईंना म्हातारचळ लागला. मला चाळिशी लागली आहे, चळ लागलेला नाही. ही सवय मला मोखाड्यात लागली आणि ती का लागली हे मी आजवर नवऱ्यालाही धड सांगितलेलं नाही.

दोन हजार साल उजाडायला तेव्हा काही महिने बाकी होते. जिल्हा ठाणे. मोखाड्याच्या एका सरकारी कार्यालयात मी कनिष्ठ लिपिक होते. माहेर आणि सासर दोन्ही खोडाळ्याकडचं, त्यामुळे रोज सकाळी जीपमध्ये कोंबून घेऊन मोखाड्याला जायचं आणि संध्याकाळी तसंच परत. नोकरी लागली तेव्हा मला पगारापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा आनंद झाला होता, उन्हाळ्यात पाण्याच्या खेपा सुटल्या याचा. लहानपणापासून डोक्यावर दोन हंडे घेऊन माझी मान इतकी ताठ झाली होती की ऑफिसात नवे लोक मला गर्विष्ठ समजायचे.

कार्यालयात एकच कॉम्प्युटर होता. साहेबांच्या खोलीला लागून एक छोटी खोली होती, तिथे जुन्या पडद्याच्या झाकणाखाली तो ठेवलेला असे. चपला बाहेर काढून आत जायचं. जव्हारला कॉम्प्युटरचे क्लास चालवणारा एक तरुण माणूस होता, त्याने तो बसवून दिला आणि दोन दिवस मला शिकवलं. शिकवताना त्याने दोन गोष्टी सांगितल्या आणि त्या दोन्ही माझ्या डोक्यात चुकीच्या बसल्या.

पहिली गोष्ट अशी. कॉम्प्युटरच्या आत एक बारकी बॅटरी असते, ती आमची कमजोर निघाली होती. वीज फार वेळ गेली की तारीख भलतीच व्हायची. तसं झालं तर सुरू होतानाच डिलीटचं बटण दाबून धरायचं, निळा पडदा येतो, तिथे बाणाने तारखेवर जायचं आणि पेज अप, पेज डाऊनने ती नीट करायची. "खरी तारीख आत असते, ताई. बाहेर दिसते ती तिची सावली," असं तो म्हणाला. आणि त्याच वर्षी वरून कागदांवर कागद येत होते की दोन हजार साल येतंय, कॉम्प्युटरच्या तारखा चुकतील, तारखेला कुणी हात लावू नये. माझ्या मनाने धरलं की या यंत्रातली तारीख म्हणजे गाभाऱ्यातला देव.

दुसरी गोष्ट अशी की त्याने पत्राचा एक नमुना तयार करून दिला होता. तो उघडला की वर तारीख आपोआप यायची, मी खाली मजकूर टाइप करायचा. ती तारीख खोडून दुसरी टाकता येते, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझ्या बापजन्मी मी असं यंत्र पाहिलं नव्हतं, त्याच्या लिहिण्यावर मी खाडाखोड कशी करणार? आता हसू येतं. नाही, खोटं बोलले. येत नाही.

त्या वर्षी वैशाख फार वाईट गेला. सूर्यमाळच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे. तिथली विहीर तळाला गेली होती. अशा विहिरीत झऱ्याला पाणी वाटीवाटीने साचतं. ज्या बाईची पाळी असेल ती दगडाच्या कपारींवर पाय देत आत उतरते, वाटीने हंडा भरते आणि वरची बाई दोराने तो ओढून घेते. मीही हे केलेलं आहे. आतून वर पाहिलं की आभाळ ताटाएवढं दिसतं.

त्या पाड्यावरची एक बाई एके दिवशी सकाळी एकटीच विहिरीवर गेली. सोबत कुणी नव्हतं. बाकीच्या बायका पोचल्या तेव्हा ती तळाशी पडलेली होती. पाणी हातभरही नव्हतं, डोकं दगडावर आपटलं होतं. पाठीमागे नवरा, म्हातारी सासू आणि एक लहान मुलगी.

त्या पाड्याने टँकरसाठी अर्ज महिनाभर आधीच दिला होता. त्यावर आवकचा शिक्का मी माझ्या हाताने मारला होता. अर्ज फायलीत पडून राहिला. कुणी मुद्दाम ठेवला असं नाही, तसे अर्ज पडूनच राहायचे. बाई गेल्याची बातमी नाशिकच्या पेपरात चार ओळींत आली आणि तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं.

साहेब घाटावरचे होते, बोलायला मऊ, रक्तदाबाची गोळी टेबलावरच ठेवणारे. ते म्हणाले, "बाई, ठाण्याहून चौकशीला माणूस येतोय. त्या पाड्याचा टँकर सुरू केल्याचं पत्र करायचंय. तारीख नऊ दिवस आधीची. भाऊसाहेबांकडे नंबर आहे."

नंबर होता याचं मला नवल वाटलं नाही. आमच्याकडे ती पद्धतच होती. जावक रजिस्टरमध्ये दर आठवड्याला एक ओळ रिकामी सोडायची. मी रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी आमच्या भाऊसाहेबांनी, म्हणजे मोठ्या कारकुनांनी, मला ते शिकवलं होतं, "जागा सोडत जा, वेळेला कामाला येते." पाहुण्यासाठी एक भाकरी जास्त थापावी, तितक्या सहजपणे. त्या आठवड्याची रिकामी ओळ मीच सोडली होती. माझ्याच अक्षरांच्या दोन ओळींमध्ये ती कोरी बसलेली होती.

मी म्हणाले, "साहेब, पण तेव्हा टँकर नव्हता."

"दोन ओळींचं पत्र आहे," साहेब म्हणाले. "गेलेली बाई काही परत येत नाही."

टाइपरायटरवर करू का, असंही मी विचारलं. ते नको म्हणाले. त्या आठवड्याची बाकी सगळी पत्रं कॉम्प्युटरवरची होती, हे एकच टाइपरायटरचं निघालं तर लगेच डोळ्यात भरलं असतं. माणूस डोक्याने तेज होता.

मी छोट्या खोलीत गेले. चपला काढल्या. माझ्या समजुतीप्रमाणे नऊ दिवस आधीचं पत्र करायचं तर कॉम्प्युटरलाच नऊ दिवस मागे न्यायला हवं होतं. मी तो बंद करून परत सुरू केला, डिलीट दाबून धरलं, निळा पडदा आला. बाणाने तारखेवर गेले आणि बटण दाबलं. एक दिवस मागे. पुन्हा दाबलं, दुसरा. तिसऱ्यांदा दाबलं आणि पडद्यावर तो दिवस आला.

माझं बोट तिथेच थांबलं. या तारखेला सकाळी ती उठली होती. अजून एकदा दाबलं की ती जिवंत. मी दाबलं. मग आणखी एकदा, आणखी एकदा. प्रत्येक दाबण्याला ती पाड्यावर चालतेय, चूल पेटवतेय, पोरीची वेणी घालतेय असं मला दिसायला लागलं. नवव्या दिवसावर पोचले तेव्हा ती घरात होती आणि तिला काहीच ठाऊक नव्हतं. मला मात्र ठाऊक होतं. मी घाईघाईने बाण दाबला, बोट सटकलं, खालच्याच कुठल्यातरी ओळीवर आणखी एकदा बटण दाबलं गेलं. तिथला एक शब्द बदललेला दिसला. काय बदललं हे कळलं नाही आणि मी थांबून पाहिलंही नाही. जतन करायचं का, असं त्याने विचारलं. मी हो म्हणाले.

पडदा काळा झाला. काळ्यावर पांढऱ्या इंग्रजीत एक ओळ उमटली. तिचा अर्थ मला लागला तो एवढाच की मला काही सापडत नाही, तू काहीतरी घाल. मी बंद केला, सुरू केला. तीच ओळ. वायरी काढून परत खोचल्या. तीच ओळ.

मला वाटलं, तारीख बदलली म्हणून हे झालं. तारीख परत जाग्यावर नेली की होईल सुरू. पुन्हा निळा पडदा. आता पुढे जायचं होतं. एक दिवस, दोन दिवस, आणि सहाव्या दाबण्याला पुन्हा तो दिवस आला. ती विहिरीकडे निघाली होती. मी डोळे मिटून बटण दाबलं. म्हणजे माझ्या हाताने तिला परत एकदा मारलं, आणि तरी कॉम्प्युटर सुरू झाला नाही.

आमचा शिपाई त्याच बाजूचा, सूर्यमाळकडचा. दारातून त्याने तो काळा पडदा पाहिला आणि म्हणाला, "बाई, तिनं धरलाय त्याला." मी त्याला चांगलंच झापलं. सरकारी मालमत्तेला भूत लागत नसतं, म्हणाले. त्याने दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या माथ्यावर हळदकुंकू लावलं. ते मी पुसायला हवं होतं. पुसलं नाही. बटणाला हात लावताना माझा हात दरवेळी थोडा मागे यायचा, हे खोटं कशाला सांगू.

साहेब चिडले, पण चौकशीचा माणूस पुढच्या आठवड्यात येणार होता, त्यामुळे वेळ होता. जव्हारच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, माझी परीक्षा चालू आहे, मला हलता येत नाही, डबा इकडे घेऊन या.

नेण्याच्या आदल्या दिवशी बाजार होता, आणि त्या दिवशी म्हातारी आली.

ती आमच्या पायरीवर बसली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत, हातात काठी, शेजारी लहान नात. कुणी हाकलायच्या आत शिपायाने मला हळूच सांगितलं की ही त्या बाईची सासू. मी पाणी नेऊन दिलं. आधी तिने नातीला पाजलं, मग उरलेलं स्वतः प्यायली आणि रिकामा गिलास बराच वेळ हातात धरून ठेवला.

"बाय," ती म्हणाली, "लोक बोलतात तुमचे मशीनमध्ये सगळा लिहेल हाय. मना एकच सांग. माजी सून गेली त्या दिशी खाली सडकेवर टँकरचा पानी येत होता का नाय?"

मी विचारलं, "कशाला, आजी?"

तिने आधी नातीला उठवून अंगणातल्या नळाकडे पाठवलं. त्या नळाला पाणी नव्हतं, पोर नुसतीच तोटी फिरवत बसली.

"सकाळी मी तिला बोलली," म्हातारी म्हणाली. "घरात पानी नाय म्हणून लई बोलली. तुज्या बापानं तुला काय शिकवला, असा बोलली. ती हंडा घेऊन गेली. आता भगत विचारतो, पाय सरला का उडी मारली? मी काय सांगू? सडकेवर पानी नसता तर ती पान्याला गेली, पाय सरला. आन पानी असता, तर मंग ती हिरीत कशाला उतरली? मंग ती माज्या बोलण्यानं गेली." तिने नळाकडच्या नातीकडे पाहिलं. "आमी टँकर बघला नाय. पण आमी वर राहतो. तो खाली येऊन गेला असल."

एवढं सगळं तिने न रडता सांगितलं.

नाही. हा एक शब्द मला बोलायचा होता. टँकर नव्हता, आजी. त्या दिवशी माझ्यापाशी पत्रही नव्हतं, रजिस्टरमधली ओळही कोरीच होती. अजून काहीच घडलेलं नव्हतं. पण साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि पंख्याखाली त्यांचे कागद फडफडताना ऐकू येत होते. मला दोन पोरं होती, कायम व्हायला सहा महिने होते.

"आजी, कॉम्प्युटर बंद पडलाय," मी म्हणाले. "सुरू झाला की बघून सांगते."

तिने मान हलवली. ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. "मंग चालू कर, बाय," ती म्हणाली. "पुढचे बाजारी येतू."

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन मी जव्हारच्या जीपमध्ये बसले. घाटात धक्के बसले की मी दोन्ही हातांनी त्याला छातीशी धरायची. समोर बसलेल्या बाईने विचारलं, "आजारी हाय का?" तिला वाटलं पोर आहे. मी हो म्हणाले. तिने आपली पिशवी सरकवून मला पाय पसरायला जागा करून दिली.

मला मनातून काय हवं होतं ते लिहून टाकते. तो डबा पुन्हा कधीच सुरू होऊ नये, असं मला वाटत होतं. तो मेला, आतलं सगळं गेलं, असं त्या माणसाने सांगावं. मग मी परत जाऊन साहेबांना सांगितलं असतं, आता कसलंच पत्र होत नाही. माझ्यात नसलेली हिंमत मी एका पत्र्याच्या डब्याकडे मागत होते.

जव्हारच्या त्या माणसाने दोन मिनिटं घेतली. दोन मिनिटंही नाही. त्याने वायर जोडली, डिलीट दाबलं, निळा पडदा आला आणि तो पडद्याकडे बघून हसला.

"ताई, काय बदललंत?"

"तारीख. मग परत नीटही केली."

"तारखेनं असं होत नाही. हे बघा." त्याने तारखेच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "आत हार्ड डिस्क आहे की नाही, हे इथं लिहिलेलं असतं. तुमच्याकडून 'नाही' झालंय. आता कॉम्प्युटर आपल्याच पोटात बघत नाही. सगळं आतच आहे, काही गेलेलं नाही. फक्त तुम्ही त्याला सांगितलंत की आत काही नाही, आणि त्यानं ते खरं मानलं."

त्याने तो शब्द बदलला, जतन केलं. ओळखीचा आवाज आला, आमचा पडदा आला, माझी पत्रं आली, सगळी होती तिथे. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

त्याने नवी बॅटरी घातली आणि विचारलं, "पण तारीख बरोबर होती तर बदलायला गेलात कशाला?"

मी खालच्या आवाजात सांगितलं, एका पत्रावर मागची तारीख हवी होती. तो मोठ्याने हसला. वाईट हसला नाही, क्लासमध्ये पोरांना हसतात तसा. "अहो ताई, त्यासाठी कॉम्प्युटर कशाला मागे न्यायचा? पत्रातली तारीख खोडा आणि हवी ती टाका. त्याला काय कळतंय?" आणि माझ्यासमोर त्याने नमुना उघडून तारीख खोडून दाखवली. एवढं सोपं होतं ते.

दुसऱ्या दिवशी मी पत्र केलं. आपोआप आलेली तारीख खोडली आणि साहेबांनी सांगितलेली टाकली. कॉम्प्युटरने हू की चू केलं नाही. साहेबांनी सही केली. मी माझ्या हाताने जावक रजिस्टरमधली कोरी ओळ भरली, शाईसुद्धा बाकीच्या ओळींशी जुळली.

ठाण्याहून आलेला माणूस पाड्यावर चढला नाही. फार ऊन होतं. त्याने कागद पाहिले, जेवण केलं आणि अहवाल लिहिला. तो नीट टाइप करायला माझ्याकडेच आला. त्यातलं एक वाक्य मला अजून तोंडपाठ आहे. "टँकरद्वारे पाणीपुरवठा सुरू असताना मयत महिला विहिरीत उतरण्याचे कारण दिसून येत नाही." माझ्या दोन ओळींतून ही एक ओळ निघाली होती.

पुढच्या बाजाराला म्हातारी आली. या वेळी एकटी होती. ती पायरीवर न बसता सरळ माझ्या टेबलापाशी आली आणि टेबलाची कड धरून उभी राहिली.

"चालू झाला का?"

"झाला, आजी."

"मंग सांग."

साहेबांचं दार उघडं होतं. भाऊसाहेब शेजारी बसून मान खाली घालून लिहीत होते, पण त्यांचं पेन हलत नव्हतं. मी जावक रजिस्टर उघडलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी मी ओळीवर बोट ठेवून तिच्याकडे वळवलं. काय नाटकी माणूस असेल मी!

"टँकर आधीच सुरू झाला होता, आजी," मी म्हणाले.

म्हातारीने त्या ओळीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग टेबलाची कड सोडली.

"मंग मीच," ती म्हणाली.

एवढंच. काठी घेतली आणि गेली. मी उठले नाही. तिच्या मागे जाऊन फाटकाशी, रस्त्यावर, बाजारात, कुठेही गाठून तिला खरं सांगता आलं असतं. जीप सुटायला दोन तास होते. ते दोन तास मी इतर पत्रं टाइप करत बसले.

त्यानंतर मला तो काळा पडदा दिसायला लागला. स्वप्नातच नव्हे, भर दिवसा. भाकरी थापताना तव्याच्या काळ्यावर ती पांढरी ओळ दिसायची. कॉम्प्युटर सुरू करताना पडदा क्षणभर काळा राहतो, तेवढ्या क्षणात माझ्या मनात यायचं की आज होणार नाही सुरू, आज ती सोडणार नाही. दरवेळी तो सुरू व्हायचा. तो बिचारा रोज सुरू होत राहिला याचीच मला जास्त भीती वाटायची. सहा महिन्यांनी मी कायम झाले. पेढे वाटले.

साहेबांची बदली झाली, पुढे ते वारले असं कळलं. भाऊसाहेब निवृत्त झाले. तो कॉम्प्युटर भंगारात गेला, त्याच्या जागी दुसरा, मग तिसरा. माझीही जव्हारला बदली झाली, बढती मिळाली. दहा वर्षं उलटली.

मागच्या उन्हाळ्यात दाखल्यांच्या खिडकीवर एक मुलगी आली. नर्सिंगला प्रवेश घ्यायचा होता, कागद अपुरे होते. मी फॉर्म पाहिला. गावाच्या रकान्यात तो पाडा. आईच्या नावापुढे 'मयत'. मी चष्मा काढून पुसला, परत घातला. नळाची कोरडी तोटी फिरवत बसलेली पोर ती हीच.

"आईला काय झालं होतं?" मी विचारलं. विचारायचं कारण नव्हतं, दाखल्याला ते लागत नाही.

"हिरीत उडी मारली तिनं," मुलगी म्हणाली. अगदी सरळ, रोजचं सांगावं तसं. "आजी बोलली होती तिला. आजी मरेपरेंत तेच बोलत होती, मी मारली, मी मारली. दोन पावसाळे झाले आजीला जाऊन."

मला काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी पाण्याचं विचारलं. पाड्याला आता पाणी आहे का?

"ती हीर पाड्यानं टाकली ना तवाच. उडी मारलेल्या बाईचा पानी कोन पिल? उन्हाळ्यात खालचे ओहळावर जातो. जाऊन येऊन अर्धा दीस मोडतो." ती हसली. "म्हणून तर नर्स व्हायचाय. खेपा सुटतील."

माझ्या मागच्या सगळ्या वर्षांत मी एक म्हातारी मोजली होती. पाड्यातल्या बाकीच्या बायका, त्यांचे हंडे, दर उन्हाळ्यातली ती अर्ध्या दिवसाची वाट माझ्या हिशेबातच नव्हती. आणि तिने जे सांगितलं तेच कधीकाळी मीही म्हटलं होतं, खेपा सुटतील म्हणून.

मी तिला आत बोलावलं आणि समोरच्या खुर्चीवर बसवलं. सांगायला घेतल्यावर फार वेळ लागला नाही. टँकर नव्हता. पत्र नंतर केलं. मी केलं. तुझ्या आजीला मी खोटं सांगितलं.

मुलीने टेबलावरचा आपला फॉर्म जवळ ओढला.

"मंग तिचा पाय सरला?"

"ते मला माहीत नाही," मी म्हणाले. निदान त्या दिवशी तरी मला खोटं बोलायचं नव्हतं. "त्या दिवशी सडकेवर पाणी नव्हतं, हे मला माहीत आहे. घरात पाणी नव्हतं आणि ती हंडा घेऊन गेली, हे तुझ्या आजीनं मला सांगितलं होतं."

तिने फॉर्म माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाली, "हे लिहून द्या. पाड्यात वाचून दाखवते."

लिहून दिलं तर काय होईल हे मला कळत होतं. नोकरी, पेन्शन, चौकशी, सगळं डोळ्यासमोर आलं. दार या वेळीही उघडंच होतं. मी कॉम्प्युटरवर कोरं पत्र उघडलं. वर तारीख आपोआप आली. मी कॅलेंडर पाहिलं. जुळत होती. खाली टाइप केलं की त्या तारखेला टँकर सुरू नव्हता, सुरू असल्याचं पत्र नंतर मागील तारखेने मी तयार केलं, आणि खाली माझं नाव, पद, सही. जावक रजिस्टर ओढलं आणि त्या दिवसाचा चालू नंबर घातला.

मुलीने कागद उभ्यानेच वाचला. शब्द न् शब्द, ओठ हलवत. मग तो तिच्या मार्कशीटच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट सरकवला आणि पिशवी छातीशी धरली.

"आजी मोखाड्याला आली होती ना तुमच्याकडं?" ती म्हणाली. "चालत आली होती."

मी हो म्हणाले.

"दोनदा," ती म्हणाली, आणि बाहेर पडली.